टेपवरचा दुसरा आवाज

माझा आवाज जन्मापासून मोठा. मी घरात बोलले की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आमच्याकडे आज भाजी कोणती ते कळतं, असं नाना म्हणायचे. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरीला होते. आईला आम्ही अक्का म्हणायचो, आणि आमचं ऐकून सगळी गल्लीच तिला अक्का म्हणायला लागली होती. अक्काचा आवाज पानवाला सोडा, ओट्यावर बसलेल्या माणसालाही ऐकू जायचा नाही. "अक्काकडून शीक गं जरा," घरी येणारी प्रत्येक बाई निघताना मला ऐकवून जायची. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यापुढे कधी हूं की चूं केलं नाही." ऐकून ऐकून माझे कान किटले होते. बाईच्या चांगुलपणाचं माप तिच्या आवाजावरून काढणाऱ्या या बायकांना चांगलं खडसवावं असं मला फार वाटायचं. एकदोघींना खडसवलंही होतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असतानाची. त्या उन्हाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अर्धांगाचा झटका आला. आबांनी सगळी उमर शिंदखेड्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमकी केलेली. सरकी निघण्याच्या त्या खडखडाटात माणसांवर ओरडून ओरडून त्यांचा गळा असा तयार झाला होता की माझा आवाज कुठून आला हे कुणी विचारत नसे. झटक्यानंतर हातपाय पुष्कळसे सुधारले, पण जीभ जड झाली ती झालीच. ते काय बोलतात ते आम्हाला कळेना. नानांना कळेना, मला कळेना. कळायचं फक्त अक्काला. डोक्यावर पदर घेऊन ती दाराच्या चौकटीआड उभी राहायची आणि आबा काही पुटपुटले की हळूच सांगायची, "आबा म्हणतात, उशी सरळ करा." ज्या सासऱ्याशी ती कधी धड दोन वाक्यं बोलली नव्हती, त्याची जीभ आता तीच झाली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी नवा दवाखाना टाकला होता. मुंबईला शिकून आलेले, आणि मेंदूच्या आजारांचा भारी नाद. त्यांचा एक मित्र मुंबईला कुठल्याशा संशोधन संस्थेत होता, आणि तिथे कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर हा शब्द आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेला नव्हता. डॉक्टरांनी नानांना समजावून सांगितलं की मेंदूत बिघाड झाला की जीभ, ओठ, घसा यांचं आपसात जमत नाही. आपल्या कानाला सगळेच बोबडे वाटतात, पण प्रत्येक बिघाडाचं बोबडेपण वेगळं असतं. आवाज टेप करून मुंबईला पाठवला की ते यंत्र तो मोजतं, त्याचा चढउतार कागदावर काढून देतं. पुढेमागे नुसत्या आवाजावरून आजार ओळखता येईल, म्हणून ते दोघे मित्र असे आवाज गोळा करत होते. नानांनी मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाले, "यंत्र आता कानानं नाडी बघणार."

टेप करायचा तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. डॉक्टरांना अगदी शांत खोली हवी होती. धुळ्याच्या गल्लीत शांतता कुठून आणायची? खिडक्यांवर आम्ही गोधड्या टांगल्या. शेजारची पिठाची गिरणी जेवणाच्या वेळेला बंद असायची, ती वेळ धरली. पंखा बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक टेपवर येईल म्हणून नानांनी स्टुलावर चढून लंबक धरला आणि घड्याळही बंद केलं. मे महिन्याच्या भर दुपारी त्या खोलीत अंधार झाला. टेपरेकॉर्डरचा छोटा दिवा तेवढा हिरवा दिसत होता आणि फिरक्या हळूहळू फिरत होत्या. आपल्याच घरात इतकं निःशब्द मी कधी बसले नव्हते. मला उगीचच भीती वाटायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "आबा, 'आ' म्हणा. श्वास पुरेल तोवर." आबांनी 'आ' लावला. जाड, फाटका, मधेच तुटणारा. मग 'प, त, क' भराभर म्हणायला लावलं. मग डॉक्टरांनी साधे प्रश्न विचारले, आबा त्यांच्या जड जिभेनं उत्तरं देऊ लागले, आणि दाराआडून अक्का ती उत्तरं आम्हाला सांगू लागली. काम संपल्यावर गोधड्या निघाल्या, उजेड आला, गिरणी सुरू झाली. घड्याळ सुरू करायचं मात्र नाना विसरले. दुसऱ्या दिवशी ठोके ऐकू आले नाहीत आणि त्यांना कचेरीत जायला उशीर झाला तेव्हा ते सगळ्यांवर डाफरले, की घरात एवढी माणसं आणि एकानंही सांगू नये? अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे ओठ हलले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, "सकाळपासून सांगतेय."

पावसाळा लागल्यावर डॉक्टरांनी नानांना आणि मला दवाखान्यात बोलावून घेतलं. तपासायच्या टेबलावर त्यांनी एक लांबच लांब कागद पसरून ठेवला होता, घडीवर घडी पडलेला, दोन्ही कडांना भोकं पाडलेला. त्यावर यंत्रानं नुसत्या चांदण्या छापल्या होत्या, रांगोळीचे ठिपके टाकावेत तशा. त्या चांदण्यांची एक वेडीवाकडी रांग होती. मधेच वर उडालेली, मधेच पार नाहीशी झालेली. "हे आबा," डॉक्टर म्हणाले. आबांचं बोलणं असं डोळ्यांना दिसल्याचं मला नवल वाटलं. मग त्यांनी कागद पुढे ओढला. पुढच्या घडीवर दुसरी रांग होती. ती सरळ होती. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, जवळजवळ दोरी धरून मारल्यासारखी.

"मित्रानं विचारलंय," डॉक्टर म्हणाले, "की पहिल्या पेशंटचं तुम्ही सगळं कळवलंत. या दुसऱ्या पेशंटचं काहीच कळवलं नाही. वय काय, आजार कधीपासून?"

नाना म्हणाले, "दुसरा पेशंट कुठला? खोलीत तर आमच्याशिवाय कुणी नव्हतं."

डॉक्टर टेपरेकॉर्डरकडे वळले. त्यांनी टेप लावली. खरखर आली. आबांचा 'आ' आला. मग आबा काहीतरी बोलले, आणि त्यांच्यामागून एक बाई बोलली. "आबा म्हणतात, पाणी द्या." त्या आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, माया नाही, कंटाळासुद्धा नाही. वाक्य जिथे सुरू झालं त्याच उंचीवर संपलं. झोपेत कुणी पाठ केलेलं बोलावं, तसं. "आबा म्हणतात, आता बरं आहे." पुन्हा तसंच. मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "शेजारची कुणी आली असेल." मलाही तेच वाटत होतं. शपथेवर सांगते, मला ती बाई ओळखू आली नाही.

मग टेपवरची ती बाई म्हणाली, "अहो, आबांना आता दमवू नका."

नानांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मागे घेतला. त्या खोलीत त्यांना 'अहो' म्हणणारी एकच बाई होती. घरी बोलताना अक्काचा हात दिसतो, पदर दिसतो, तिचं आपल्याकडे बघणं दिसतं, आणि उरलेलं आपण आपल्या मनानं भरून घेतो. टेपवर नुसता आवाज होता. त्या सरळ रेघेत आमची अक्का कुठेच नव्हती.

डॉक्टरांनी हळूहळू विचारायला सुरुवात केली. चालताना पावलं लहान पडतात का? हात थरथरतो का, बसलेली असताना? चेहऱ्यावर हसू उशिरा येतं का? नाना प्रत्येक प्रश्नाला म्हणत होते, "वय झालं तशी शांत झालीय ती." आणि माझ्या डोळ्यांपुढे अक्का दिसत होती. 'काय शांत चेहरा, देवीचाच जणू,' असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या तो चेहरा. त्या चेहऱ्यावरचे डोळे फारसे मिटायचेच नाहीत, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवलं. कित्येकदा मी स्वयंपाकघरात बडबड करत असायची, आणि मागे वळून पाहिलं तर अक्का भिंतीशी उभी असायची. कधी आली ते कळलेलंच नसायचं.

डॉक्टर म्हणाले, "यंत्र आजाराचं नाव सांगत नाही. आवाज वरखाली होत नाही, एवढंच सांगतं. पण मेंदूचा एक आजार असा आहे की तो अंगाला धरण्याआधी आवाजाला धरतो. हळूहळू माणूस ताठतो, मग अंथरूण धरतो. त्यावर आता औषध निघालंय, मुंबईहून मागवता येईल. पण खात्री झाल्याशिवाय मी ते देणार नाही, ते साधं औषध नाही." नाना एकदम म्हणाले, "ती मोठ्यानं बोलतच नाही हो डॉक्टर. ते तिचं वळण आहे. आमच्याकडे सुना सासऱ्यापुढे असंच बोलतात. तुमच्या मुंबईच्या यंत्राला काय कळतंय मर्यादा म्हणजे काय ते?" डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. तेच मला वेगळं करून बघायचंय. सवयीनं हळू बोलणाऱ्या माणसानं ठरवलं तर तो मोठ्यानं बोलू शकतो. आजारी माणसाला ठरवूनही जमत नाही." तिथून निघताना मी आयुष्यात पहिल्यांदाच मनात म्हटलं की गल्लीतल्या सगळ्या बायकांचं खरं ठरू दे. अक्का नुसती चांगली सून असू दे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. अक्काला समोर बसवलं, बोटं उघडमीट करायला लावली, चार पावलं चालायला लावलं. मग म्हणाले, "अक्का, आता जोरात बोला. काहीही बोला, पण गल्लीत ऐकू गेलं पाहिजे." अक्कानं पदर पुढे ओढला. पलंगावर आबा बसले होते. नाना म्हणाले, "बोल ना." तिनं मान खाली घातली. आणि मग पलंगावरून आबा काहीतरी बोलले, दोनदा, जोर लावून. आम्हाला कुणालाच कळलं नाही. सवयीनं आम्ही सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं.

अक्का खाली बघत, त्याच एका सुरात म्हणाली, "आबा म्हणतात, 'पोरी, जोरबन बोल. मन्हाकडे देखू नको.'"

डॉक्टर हसले नाहीत. सासऱ्यानं मोकळीक दिली होती, आणि तीसुद्धा अक्का तशाच आवाजात सांगत होती. पण नाना हट्टाला पेटले होते. "एका दिवसात वळण सुटतं का कुणाचं?" डॉक्टरांनाही ते पटलं. या घरात ती मोठ्यानं बोललीच नाही, तर हा आवाज गेलाय की मुळात कधी आलाच नाही हे कळणार कसं? त्यांनी विचारलं, "ही बाई जोरात बोलायची अशी एखादी जागा आहे का?"

मी म्हणाले, "आहे. असोद्याला."

असोदा अक्काचं माहेर, जळगावच्या अलीकडे-पलीकडे म्हणावं इतकं जवळ. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही जायचो तेव्हा तिथे मी एक वेगळीच अक्का बघायची. डोक्यावरचा पदर खांद्यावर यायचा. मामाची केळीची बाग मोठी, आत शिरलेला माणूस दिसत नाही. जेवायची वेळ झाली की अक्का बांधावर उभी राहून कमरेवर हात ठेवून हाक मारायची, "भाऊ होऽऽ," आणि बागेच्या पार दुसऱ्या टोकाकडून मामा 'ओ' द्यायचा. बगळे उडायचे त्या हाकेनं. माझा आवाज आबांचा नाही, अक्काचा आहे, हे मला एकटीलाच माहीत होतं. इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

डॉक्टरांनी मला बॅटरीवर चालणारा लहान टेपरेकॉर्डर दिला, कुठली बटणं दाबायची ते दाखवलं. मी आणि अक्का एस.टी.नं निघालो. पारोळा, एरंडोल करत गाडी चालली होती. अक्का खिडकीशी बसली होती. तिचा एक हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा बोटांवर हळूहळू फिरत होता, वाती वळतात तसा. मी तो माझ्या हातात धरून ठेवला. थोड्या वेळानं तो माझ्या मुठीतही फिरायला लागला. मी बाहेर बघत राहिले.

असोद्याला पोचलो तेव्हा मामी घरी होती, पावसानं ओढ दिली म्हणून मामा बागेत पाणी भरायला गेलेला. अक्का घरात बसलीच नाही. चहासुद्धा न घेता बागेकडे निघाली, आणि वाटेतच तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. ते पाहून मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावत सुटले. माहेरची हवा लागली, आता हाक येणार, आता त्या डॉक्टरांना टेप नेऊन दाखवते.

केळीच्या बागेत दिवसासुद्धा हिरवा अंधार असतो. वर पानाला पान लागलेलं, खाली सरीतून वाहणारं पाणी. वारा पडला होता. आपण आत पाऊल टाकलं की मागची वाट बंद झाल्यासारखी वाटते, आणि सगळी खोडं माणसांच्या उंचीची, गप्प उभी असतात. टेप करायच्या दिवशी आमच्या खोलीत होती तशीच शांतता तिथे होती, पण ही कुणी गोधड्या टांगून आणलेली नव्हती. दूर, ओळीच्या टोकाला, मामा आमच्याकडे पाठ करून फावड्यानं बारं फोडून सरीत पाणी सोडत होता. हाकेच्या अंतरावर होता. मी टेपरेकॉर्डर बांधावर ठेवला, बटण दाबलं. त्यावर एक लहान काटा होता, आवाज आला की तो उजवीकडे झुकायचा.

"मार हाक," मी म्हणाले.

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अगदी पूर्वीसारखी. तिनं छाती भरून श्वास घेतला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड उघडलं.

"भाऊ हो."

शेजारी उभ्या असलेल्या मला ते कसंबसं ऐकू आलं. काटा जागचा जेमतेम हलला. मामा फावडं मारत होता. मी काही बोलणार तोच तिनं परत श्वास घेतला, टाचा उचलल्या, आणि परत हाक मारली. तसंच. तेवढंच. पाण्याचा आवाज त्याहून मोठा होता.

मग ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण तिला लाज वाटली होती हे मला कळलं, कारण तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "बाई बाई, केवढ्यानं ओरडले मी. सगळ्या असोद्यानं ऐकलं असेल."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कानात ती ओरडत होती. कदाचित घरीही ओरडत असेल. घड्याळ बंद आहे म्हणून ओरडली असेल, दारामागून, भिंतीशी उभी राहून, रोज, आणि आम्ही तिला शांत म्हणत होतो. मला रडू फुटलं. मोठ्यानं रडायची माझी सवय, पण तेव्हा आवाज निघाला नाही.

तेवढ्यात पाणी पुढच्या सरीत सोडायला मामा वळला आणि त्याला आम्ही दिसलो. त्यानं फावडं वर करून हलवलं.

"बघ," अक्का म्हणाली, "ऐकलं त्यानं."

मामा चिखल तुडवत ओळीतून आमच्याकडे यायला लागला. टेप चालूच होती, बंद करायचं मला सुचलं नाही. तो जवळ आला, त्यानं धोतराला हात पुसले, बहिणीकडे बघून तोंडभर हसला.

"कव्हा आल्या वं तुम्ही?" तो म्हणाला. "अन अशा मुक्याच उभ्या राह्यल्या. येक हाक त मारायची मले."